प्रोजेक्टर सुरू करणारी मुलं

शाळेच्या कार्यक्रमात प्रोजेक्टर बंद पडला की नववीच्या वर्गातल्या एका ठरावीक मुलाला बोलावणं जातं. तो येतो, केबल काढून परत लावतो, लॅपटॉपवर दोन बटणं दाबतो आणि चित्र पडद्यावर येतं. मुख्याध्यापक पाठ थोपटतात. त्याच आठवड्यात सहामाहीचे पेपर वाटले जातात आणि या पठ्ठ्याला बीजगणितात चाळीसपैकी चौदा.

तालुक्याच्या गावातल्या सेमी-इंग्रजी शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. संगणक कक्षाची किल्लीही बरीच वर्षं माझ्याचकडे आहे, त्यामुळे एकाच मुलाची ही दोन्ही रूपं मला बघायला मिळतात. शिक्षक खोलीत या मुलांविषयी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘डोकं आहे हो, पण अभ्यास करत नाही.’ अनुभवाने मला दिसलं ते असं, की डोकं आणि गुण यांच्यामध्ये काही साध्या सवयी आणि कौशल्यं असतात. हुशार मुलाला ती येतच असणार असं सगळे धरून चालतात, म्हणून ती त्याला कोणी शिकवत नाही.

१. प्रगतिपुस्तक ठेवा, उत्तरपत्रिका काढा

पालक गुणांचा तक्ता घेऊन येतात. मी तपासलेले पेपर मागते, कारण गुण कुठे गेले ते तिथे दिसतं, आणि प्रत्येकाचे वेगळ्या वाटेने गेलेले असतात. एकाचे शेवटचे दोन प्रश्न कोरे असतात. त्याचा वेग कमी पडतोय. दुसऱ्याचं विज्ञान ठीक असतं, पण इतिहासात पाच-सहा ओळींच्या उत्तराला दीड ओळ. तिसऱ्याने ‘सकारण लिहा’ हे शब्द वाचलेलेच नसतात. चौथा एकसामयिक समीकरणं तोंडी सोडवतो आणि एक्स बरोबर तीन, वाय बरोबर दोन एवढंच लिहून मोकळा होतो.

‘मॅडम, आन्सर बरोबर आहे ना?’ उत्तर बरोबर असतं. पण बोर्डाच्या गणितात गुण पायऱ्यांना असतात. मी त्याला विचारलं, मित्राने प्रोग्रॅम मागितला तर तू नुसतं आउटपुट पाठवतोस का? परीक्षकाला तुझा सगळा प्रोग्रॅम वाचायचा असतो, एकेक ओळ. हे त्याला पटलं. अभ्यासाचे तास होते तेवढेच राहिले आणि गुण वाढले.

२. संगणक लगेच सांगतो, शाळा महिन्याने

पायथॉन या संगणकाच्या भाषेत कंस राहिला की कोणत्या ओळीत चुकलं ते त्या क्षणी कळतं. मूल दुरुस्त करतं, पुन्हा चालवतं, पुन्हा चुकतं. कोणी रागावत नाही आणि वर्गासमोर हसू होत नाही. घटक चाचणीचा पेपर हाती येतो तोवर आम्ही दोन धडे पुढे गेलेलो असतो. वर लाल शाईत ‘लक्ष दे’. कुठे, ते लिहिलेलं नसतं.

सगळे पेपर एका दिवसात तपासणं कोणालाच जमत नाही. म्हणून तास संपताना पुस्तक मिटून पाच प्रश्न, उत्तरं वहीत, आणि लगेच पुस्तक उघडून स्वतःच ताडून बघणं, एवढं मी सुरू केलं. याला चांगला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात. पण आठवड्याने चाचणी घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे जातात. या मुलांना ते समजावणं सोपं जातं. ट्युटोरियल बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि रिकाम्या स्क्रीनसमोर बसलं की एक ओळ सुचत नाही, हे त्यांनी भोगलेलं असतं. धडा नुसता वाचला की तेच होतं, एवढंच सांगावं लागतं.

३. करता येणं आणि सांगता येणं ही दोन वेगळी कामं

एसटीने पुण्याला जाऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ईएसपी-३२, आर्डुइनो असे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणणारा एक विद्यार्थी होता. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते मोबाइलवर दाखवणारं यंत्र त्याने घरी बसवलं होतं. आर्डुइनोवर एलईडी लावायचा तर २२० ओहमचा रेझिस्टर हवा, हे त्याला पाठ. का, ते मात्र सांगता येईना, आणि नववीच्या धाराविद्युत धड्यात त्याला जेमतेम काठावरचे गुण.

आम्ही त्याच्याच आर्डुइनो बोर्डावर गणित मांडलं. पाच व्होल्टमधले सुमारे दोन एलईडीवर गेले, उरले तीन. तीन भागिले २२० म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर. एलईडीला एवढी धारा चालते, रेझिस्टर काढला तर ती वाढते आणि दिवा जळतो. ओहमचा नियम त्याच्या हातात आधीपासून होता, फक्त कागदावर आला नव्हता. तेव्हापासून माझा एक नेम आहे. संगणक कक्षात काहीही करून दाखवा, पण सोबत अर्ध्या पानावर ‘हे का चालतं’ ते लिहा. सुरुवातीला कुरकुर होते. पण हे अर्धं पानच पुढे ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाला कामाला येतं.

४. ‘सारखा कॉम्प्युटरवर असतो’ यात बरंच काही येतं

स्क्रीनसमोरचा वेळ मी तीन वाट्यांत मांडायला सांगते : काही बनवण्यात गेलेला, खेळण्यात गेलेला आणि नुसता बघण्यात गेलेला. पालकांना तिन्ही सारखेच दिसतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वाड्याचं मॉडेल उभं करणारी मुलगी आणि तासभर रील्स सरकवणारा मुलगा, दोघांनाही एकच ओरडा बसतो. उलटंही घडतं. ‘कोडिंग करतोय’ म्हटलं की पालक गप्प बसतात आणि तिकडे दुसऱ्या कोणाच्या तरी गेमचं थेट प्रक्षेपण चालू असतं.

‘काय करत होतास?’ याला उत्तर मिळत नाही. ‘काय केलंस ते दाखव’ म्हटलं की लगेच कळतं. बनवणाऱ्याकडे दाखवायला काहीतरी असतंच, मोडकं का होईना, आणि तो अर्धा तास बोलत बसतो. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं, त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं. बहुतेक वेळा तो कशापासून तरी पळत असतो. वर्गातली चिडवाचिडवी असेल, घरातली भांडणं असतील, नाहीतर सातवीपासून न कळलेलं गणित.

५. मुलींकडे कोणी बघत नाही

प्रोजेक्टर बिघडला की मुलीला बोलावत नाहीत. एका विद्यार्थिनीची आई शिवणकाम करायची. ऑर्डर, मापं, उधारी, कापडाचा हिशेब असं सगळं ही मुलगी गुगल शीटमध्ये ठेवायची आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉगही तीच सांभाळायची. शाळेत तिची ओळख ‘गणितात कच्ची, शांत’ अशी होती. टक्केवारी, नफा-तोटा आणि सूत्रं ती रोज वापरत होती, पण हे गणित आहे असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. घरात लॅपटॉप एक असेल तर तो आधी भावाला मिळतो. मुलं कमी गुण मिळाले की गोंधळ घालतात आणि लक्ष वेधून घेतात. मुली गप्प राहतात आणि ‘हिची कुवत एवढीच’ अशी घरच्यांची समजूत होऊन बसते.

६. हुशारीचं कौतुक जपून करा

सातवीपर्यंत ही मुलं न वाचता ऐंशी टक्के काढतात. घर, शेजार, नातेवाईक सगळे ‘स्मार्ट आहे’ म्हणतात. आठवी-नववीत विषयांचा आवाका वाढतो, नुसतं ऐकून भागत नाही, आणि पहिल्यांदा काहीतरी अडतं. आता अभ्यास करूनही कमी गुण मिळाले तर ‘स्मार्ट’ हे बिरुद जाणार. त्यापेक्षा अभ्यास न केलेला बरा. ‘केला असता तर काढले असते’ असं म्हणायची सोय राहते.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचवीच्या मुलांपैकी काहींना ‘तुम्ही हुशार आहात’ असं सांगितलं, काहींना ‘तुम्ही मेहनत घेतलीत’. पुढे अवघड कोडी आली तेव्हा हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर खचली. मी आता शाबासकी कामाचं नाव घेऊन देते : ‘तीन वेळा चुकूनही हे गणित सोडलं नाहीस’, ‘आकृतीला नावं नीट दिलीस.’ मामा-काकांनाही हेच सांगावं लागतं. त्यांना समजवायला जरा जास्त वेळ लागतो.

७. हात मागे पडत असेल तर तपासून घ्या

काही मुलं कीबोर्डवर झरझर टाइप करतात आणि वहीत मात्र दोन ओळींत थकतात. अक्षर वाकडं, शब्द गाळलेले, फळ्यावरचं उतरवून होत नाही. बोर्डाचा भाषेचा लेखी पेपर ऐंशी गुणांचा, तीन तासांचा असतो. तिथे नुसती बुद्धी पुरत नाही.

यातल्या काहींना डिसग्राफिया किंवा डिसलेक्सिया, म्हणजे अध्ययन अक्षमता असते. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ मुळे ही नावं घरोघर पोचली. पण चित्रपटातला ईशान लहान होता. चौदा वर्षांच्या हुशार मुलात ही अडचण लपून राहते, कारण तो बुद्धीच्या जोरावर कसंबसं निभावून नेतो. अक्षमता हुशारीला झाकते आणि हुशारी अक्षमतेला. शिक्षकाला समोर दिसतो तो सरासरी मुलगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. इतरांनी जिल्हा रुग्णालयात किंवा शाळेतून चौकशी करावी. तपासण्यांना वेळ लागतो, म्हणून आठवी-नववीतच सुरुवात करा. लक्ष टिकत नसेल, बसवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी तेही बोला. हे सगळं करण्याआधी मुलाला आळशी म्हणू नका.

८. कुलूप लावाल तर कुलूप उघडण्याचा अभ्यास होईल

एका वडिलांनी रात्री दहाला वायफाय आपोआप बंद होईल अशी व्यवस्था केली. राउटरवर ती करून द्यायला बसवलं होतं ते मुलालाच. पुढे काय झालं असेल ते वाचकांनी ओळखावं.

तरी रात्रीचा प्रश्न खरा आहे. या वयात शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे मुलांना खरोखरच लवकर झोप येत नाही. तेरा ते अठरा या वयाला ८ ते १० तास झोप लागते. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. झोप खरी पुढे सरकते ती त्यानंतरच्या वयात, आणि अनेक शाळांत नववी-दहावी सकाळी सातला भरते. त्यात रात्री दीडपर्यंत गेम, की पहिले दोन तास गेलेच.

जे टिकलं ते सांगते. घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. वेळ मुलाशी बोलून ठरवायची आणि महिनाभर बदलायची नाही. लॅपटॉप जप्त करू नये. शाळेत रोज बोलणी खाणाऱ्या मुलाला मान मिळतो अशी ती एकच जागा असते.

९. कायद्याची रेघ वेळेवर दाखवा

एका मुलाने शाळेच्या संगणकातला निकालाचा पासवर्ड ओळखला. शाळेच्या नावापुढे एक-दोन-तीन. त्याने काही बदललं नाही, फक्त मित्रांना सांगितलं. वर्गात तो दिवसभर हिरो होता.

अशा वेळी ओरडण्यापेक्षा माहिती जास्त उपयोगी पडते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलं तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. हे सांगून झालं की त्याला रीतसर वाटही दाखवा. कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही सायबर सुरक्षेची स्पर्धा शाळकरी मुलांसाठी आहे आणि मोफत आहे. तिथे कुलपं उघडण्यासाठीच ठेवलेली असतात. कुठे खरी त्रुटी सापडली तर ती सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवता येते. आमच्या त्या मुलाने मग शाळेचे सगळे पासवर्ड नव्याने ठरवून दिले, मुख्याध्यापकांसमोर बसून.

१०. अपवादाची गोष्ट अर्धी सांगू नका

‘बिल गेट्सनेही कॉलेज सोडलं’ हे वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळतं. सोडलं ते हार्वर्ड, आणि सोडायला आधी तिथे प्रवेश मिळवावा लागला होता. त्यापेक्षा मी मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण देते. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला.

मुलांना इथपर्यंतच ऐकायचं असतं. पुढचा भाग असा, की आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड या प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत तिची तीन पदकं होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. बारावी नसल्याने आयआयटीचं दार तिला बंदच होतं. आणि या ऑलिंपियाडच्या भारतातल्या निवडीची पहिली फेरी कित्येक वर्षं लेखी होत आली आहे : संगणक नाही, पेन घेऊन तर्काची गणितं सोडवायची. तिने शाळा सोडली, पण गणित सोडलं नाही. हे ऐकल्यावर शाळा सोडण्याच्या गप्पा बऱ्यापैकी ओसरतात.

११. पुढच्या वाटा नववीतच दाखवा

‘दहावीत कमी पडलास तर संपलं’ ही धमकी चालत नाही, कारण ती खोटी आहे हे मुलांना माहीत असतं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावी मिळते आणि पुरवणी परीक्षा असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि हाताने काम करणाऱ्या मुलाला ही वाट अकरावी-बारावीपेक्षा बरेचदा जास्त मानवते.

अडचण अशी, की डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि सरकारी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शाखेची यादी खूप वर थांबते. हे मी सांगत बसत नाही. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीचे कट-ऑफ असतात, ते मुलालाच शोधायला लावते. दहा मिनिटांत तो तक्ता काढतो, जवळची चार कॉलेजं निवडतो आणि स्वतःच्या सहामाहीच्या टक्क्यांशेजारी ते आकडे लिहितो. फरक त्याने स्वतः काढलेला असतो. मग ‘कुठल्या विषयात किती वाढवता येतील’ हा प्रश्न तोच विचारतो आणि आम्ही पुन्हा उत्तरपत्रिका उघडतो.

१२. गुण सगळ्यात शेवटी हलतात

पालकांना पंधरा दिवसांत फरक हवा असतो. माझ्या अनुभवात क्रम असा आहे : आधी वह्या पूर्ण व्हायला लागतात. मग मूल तासाला प्रश्न विचारतं. मग पेपरात कोरे प्रश्न कमी होतात. गुण त्यानंतर वाढतात, कधी पुढच्या सत्रात, आणि काही मुलांचे थोडेच वाढतात. सगळ्यांचे नव्वद टक्के होत नाहीत, आणि तशी आशा कोणाला दाखवू नये.

म्हणून तोवर गुणांखेरीज दुसरं काहीतरी मोजा. चाचणीत सात प्रश्न कोरे होते आणि सहामाहीत तीनच राहिले, तर टक्के तेवढेच असले तरी मुलाला पेपर उघडून दाखवा आणि ‘चार कमी झाले’ असं सांगा. ‘छान, असाच पुढे जा’ यापेक्षा हा हिशेब त्याला जास्त खरा वाटतो. राहिलेल्या तीन प्रश्नांचं काय करायचं, हे मग त्याच्याकडूनच लिहून घ्या, तारखेसह.